शहाऐंशी नकाशांची मागची बाजू

बांधकामावर तिला नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. सगळे तिला सहीबाई म्हणत. पाठीमागे म्हणत, तोंडावरही म्हणत, आणि एकदा मुख्य कचेरीतून आलेल्या पाकिटावरसुद्धा कुणीतरी सरळ तसंच लिहून पाठवलं होतं. तिनं ते पाकीट आवक वहीत चढवलं, आणणाऱ्याची सही घेतली आणि मगच फोडलं.

तिचं काम कागद सांभाळण्याचं. साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत चार लोखंडी कपाटं, एक टेबल, एक कुरकुरणारा पंखा आणि ती. नकाशे, काँक्रीटच्या चाचण्यांचे अहवाल, लिफ्टची हमीपत्रं, पंपांची माहितीपुस्तकं, सगळं तिच्या ताब्यात. कागद खोलीबाहेर जायचा तर देवघेव वहीत एक ओळ पडायची: काय, किती, कसल्या अवस्थेत. ती ओळ ती मोठ्यानं वाचून दाखवायची आणि वही पुढे सरकवायची. सही झाल्याशिवाय कागद हलायचा नाही, मग समोर गवंडी असो की कंपनीचा अध्यक्ष. अध्यक्षांचं तर खरंच घडलं होतं. पाहणीला आले, उकडत होतं म्हणून टेबलावरचा एक नकाशा उचलला, घडी घातली आणि वारा घेत घेत गाडीकडे निघाले. ही वही घेऊन फाटकापर्यंत मागे धावली. "साहेब, वारा खुशाल घ्या, पण सही करून घ्या." अध्यक्षांनी गाडीच्या टपावर वही ठेवून सही केली.

घरी ती आणि तिच्या थोरल्या नणंदबाई, दोघीच. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. वन्सं शिलाईचं काम करत आणि शेजारणींना सांगत, "आमच्याकडे चहा प्यायचा तर आधी कपाची पावती फाडावी लागते हो."

ही खोड तिला उगाच लागली नव्हती. पहिल्या नोकरीत, एका सिमेंटच्या एजन्सीत, मालकानं तिचं शालान्त परीक्षेचं मूळ सर्टिफिकेट "असू दे आमच्याकडे" म्हणून ठेवून घेतलं आणि वर्षभरात दुकानाला कुलूप लावून मालक पसार झाला. सर्टिफिकेटही त्याच्याबरोबर गेलं. दुसरी प्रत काढायला तिच्या वडिलांनी परीक्षा मंडळाच्या अकरा खेपा घातल्या. गुडघे गेलेला माणूस, आणि दर खेपेला दोन जिने. अखेर प्रत हातात पडली. तिच्या मागच्या बाजूला जांभळा शिक्का होता, 'दुसरी प्रत'. वडील म्हणाले, "पोरी, तिसरी काढायला मी नसणार. कुणाला द्यायची वेळ आली तर सही घेऊन दे. भीड बाळगू नकोस. भीड भिकेची बहीण."

म्हणून या कंपनीत रुजू होताना पुन्हा मूळ सर्टिफिकेट मागितलं, तेव्हा तिनं एक कोरी वही काढली, कार्बन घातला, ओळ लिहिली आणि कागद घेणाऱ्या तरुण इंजिनियरपुढे धरली. तो हसला, पण सही केली. वरचं पान कंपनीकडे राहिलं, कार्बनचं तिनं घरी पत्र्याच्या डब्यात ठेवलं. देवघेव वही सुरू झाली ती तिथून. पुढच्या बावीस वर्षांत तो इंजिनियर पायरी पायरीनं या कामावरचा मोठा साहेब झाला आणि ही सहीबाई झाली.

काम होतं एका रुग्णालयाचं. उजवी इमारत आणि डावी इमारत, मध्ये जिना. दोन्ही सारख्याच, फक्त एकमेकींच्या उलट्या, आरशात दिसाव्यात तशा. नकाशे काढणाऱ्या कचेरीनं कष्ट वाचवले. उजव्या इमारतीचे शहाऐंशी नकाशे काढले आणि प्रत्येकावर कोपऱ्यात एक शिक्का मारला: 'डावी इमारत याच्या उलट.' संपलं. साइटवरच्या लोकांनी त्यावर आपला उपाय शोधला. डाव्या इमारतीत काम असलं की नकाशा पालथा करून खिडकीच्या काचेवर लावायचा. मागून उजेड आला की रेषा उलट दिसतात आणि डावी इमारत समोर उभी राहते. आकडे उलटे दिसायचे, पण सवयीनं तेही वाचता यायला लागले.

या विद्येत सगळ्यांत तरबेज होते वायरमन मामा. चाळीस वर्षं भिंतीत वायर घातलेला माणूस. नकाशात एक असतं आणि जमिनीत दुसरंच निघतं हे त्यांना पाठ होतं. जिथं बदल करावा लागला तिथं ते त्याच पालथ्या बाजूवर लाल पेन्सिलनं खरी वाट काढून ठेवत, कुठून किती फुटांवर तेही लिहीत. असं दोन वर्षं चाललं. शहाऐंशी नकाशांच्या पुढच्या बाजूला कचेरीची डावी इमारत होती आणि मागच्या बाजूला खरी.

सगळ्यांत मोठा बदल तळमजल्यावर होता. विजेची खोली डाव्या टोकाला. तिथून निघणारी मुख्य केबल नकाशाप्रमाणे बाहेरच्या भिंतीलगत जायला हवी होती. पण खणताना तिथं जुन्या पायाचा एक अवाढव्य दगडी ठोकळा लागला. साहेब म्हणाले, "फिरवा केबल, परवानगीचं कागदावर उद्या बघू." मामांनी केबल डाव्या दालनाच्या फरशीखालून तिरकी नेली. तो उद्या काही उजाडला नाही. उजवी इमारत मात्र सुरू झाली, तिथं रोगी आले, यंत्रं लागली, आणि ती सगळी त्या तिरक्या केबलवर चालू लागली.

मग कंपनीचं आणि रुग्णालय चालवणाऱ्या ट्रस्टचं उशिरावरून बिनसलं. डावी इमारत अर्धी असतानाच करार संपला. आता ट्रस्ट म्हणे, आमचे कागद द्या. कंपनी म्हणे, आधी काम नीट झाल्याचं पत्र द्या. ट्रस्ट म्हणे, कागद पाहिल्याशिवाय पत्र कसं देणार. कंपनी म्हणे, पत्र पाहिल्याशिवाय कागद कसे देणार. दोन्हीकडची पत्रं 'आपले विश्वासू' अशी संपत आणि विश्वासाचा पत्ता नव्हता. पाच महिने हे भिजत घोंगडं पडलं. अखेर तोडगा निघाला. सगळ्याच्या स्कॅन केलेल्या प्रती ट्रस्टला द्यायच्या, मूळ कागद कंपनीनं आपल्या गोदामात न्यायचे, आणि सहीबाईनं यादीखाली सही करायची: 'वरील सर्व कागदपत्रे पूर्ण व मूळबरहुकूम.' गुरुवारी बैठक. पुढच्या सोमवारी नवीन ठेकेदार डाव्या दालनात यंत्रं बसवायला फरशीत भोकं पाडणार होता.

बैठकीच्या आधीच्या शुक्रवारी ती स्कॅन तपासायला बसली. बावीस वर्षांची सवय, एकेक नकाशा काढायचा आणि पडद्यावरच्या चित्राशी ताडून बघायचा. तिसऱ्या नकाशाला तिचा हात थांबला. तिनं नकाशा उलटला. मागे लाल रेघा होत्या. पडद्यावर काही नव्हतं. तिनं दुकानातल्या स्कॅनवाल्याला फोन लावला.

"मागची बाजू केली नाहीत?"

"बाई, नकाशाची मागची बाजू कोण करतं? मी वीस वर्षं हाच धंदा करतोय."

त्याचंही खरं होतं. नकाशाला मागची बाजू असते हे या एका साइटच्या लोकांखेरीज जगात कुणालाच ठाऊक नव्हतं.

ती नकाशा घेऊन मोठ्या साहेबांच्या खोलीत गेली. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग दार लावून घेतलं.

"बाई, करारात नकाशे म्हटलंय. नकाशे दिले. मागं कामगारांनी मारलेल्या रेघोट्या म्हणजे नकाशा नव्हे."

"त्या रेघोट्यांवर उजवीकडचे दिवे चालतात, साहेब. बैठकीनंतरच्या सोमवारी तिथं ड्रिल लागणार आहे. केबल चालू आहे. ज्याच्या हातात ड्रिल असेल तो जागेवर जाईल, आणि पलीकडे यंत्रावर असलेले लोक अंधारात."

"काही होत नाही. खोल आहे केबल."

"किती खोल?"

किती खोल तेही मागच्या बाजूलाच लिहिलेलं होतं.

"हे बघा," साहेब म्हणाले, "ही बाजू दिली की ते विचारणार, परवानगी कुठाय. हात दाखवून अवलक्षण कशाला करून घ्यायचं? तुम्ही फक्त सही करा."

"मी या सहीत 'पूर्ण' असं लिहायचं?"

"छापलेलंच आहे."

"मग तुम्ही मला एक ओळ लिहून द्या. मागच्या बाजू देऊ नयेत, म्हणून. खाली तुमची सही. मी तीही वहीत चढवते."

साहेबांनी पेनाकडे पाहिलं, उचललं नाही. "तुमची चार वर्षं राहिलीत बाई. सांभाळून घालवा."

"चार वर्षं माझी आहेत, मी बघते काय करायचं ते," ती म्हणाली आणि नकाशा घेऊन परत आली. दार तिनं आपटलं नाही. पण त्या दिवशी पत्र्याच्या खोलीतल्या चारही कपाटांची दारं चांगली आपटली.

तिला राग आला होता आणि भीतीही वाटत होती, दोन्ही एकदम. रविवारी ती वायरमन मामांकडे गेली. करार संपल्यावर मामा लेकीकडे राहायला गेले होते. बसस्थानकामागच्या दोन खोल्यांत, पाटावर बसून ते कुणाची तरी इस्त्री उघडत होते.

"मामा, तळमजल्याची केबल कुठून गेलीय, सांगता येईल?"

मामांनी डोळे मिटून बराच वेळ आठवलं. "दगडापासून वळली. मग खांब... तिसरा की चौथा? नाही बाई. छातीठोक नाही सांगता येणार. डोक्यात राहिलं असतं तर पेन्सिल कशाला झिजवली असती?" मग त्यांनी आवाज खाली आणला. "एक करा. फोनवर फोटो काढा आणि गुपचूप पाठवून द्या. कुणाला कळतंय?"

"चोरून दिलेला कागद कुणाचाच नसतो मामा. कंपनी म्हणेल, बाईनं घरी बसून लाल पेन्सिलनं काढलं. आणि मग खरी बाजू खोटी ठरली की झालंच." ती उठली. "तीच वेळ आली तर फोटोही पाठवीन. माणसाच्या जिवापुढे माझा नियम मोठा नाही. पण आधी पुढच्या दारानं जाऊन बघते."

सोमवारी तिनं पुढच्या दाराची कडी वाजवली. ट्रस्टच्या इंजिनियर मॅडमना फोन करून सरळ सांगितलं. मॅडम तिशीच्या, हुशार, पण त्यांच्यावरही साहेब होतेच. "बाई, तुमच्या कंपनीनं लेखी दिलंय की केबल नकाशाप्रमाणे आहे. तोंडी बोलण्यावर मी काम थांबवलं तर उद्या मलाच घरी बसवतील. मला एक कागद दाखवा. एकच. पुढचं मी बघते."

"गुरुवारी दाखवते," ती म्हणाली. कसा, ते तिला अजून माहीत नव्हतं.

संध्याकाळी वन्सं काज करता करता म्हणाल्या, "अगं, तू एवढी वाघीण. मग काल रात्रीपासून त्या यादीची पानं काय चिवडतेयस?"

"यादी कचेरीची आहे वन्सं. आधीच्या कुठल्या तरी कामाची जशीच्या तशी उचललेली. मीच दहा वेळा टाइप केलीय. शेवटपर्यंत कुणी वाचत नाही. एक्केचाळीस कलमं आहेत."

"मग?"

"एक्केचाळिसावं वाचा."

वन्संनी चष्मा वर केला, वाचलं आणि हसू लागल्या. हसता हसता सुई बोटात घुसली. एक्केचाळिसावं कलम होतं: 'कागदपत्रांची देवघेव नोंदवही, मूळ प्रत.'

मंगळवारी दुपारी मोठे साहेब स्वतः नकाशे न्यायला आले. सोबत ड्रायव्हर आणि कानाला फोन. शहाऐंशी नकाशांची दोन भेंडोळी टेबलावर बांधून तयार होती आणि त्यांच्याशेजारी वही उघडी होती. तिनं नेहमीसारखी ओळ मोठ्यानं वाचली. नेहमीपेक्षा थोडी सावकाशच वाचली.

"'मूळ नकाशे, शहाऐंशी. दोन्ही बाजूंनी वापरलेले. मागच्या बाजूवर डाव्या इमारतीच्या केबल व पाइपांच्या प्रत्यक्ष जागा लाल पेन्सिलने. या मागच्या बाजूंची प्रत काढलेली नाही. नकाशे मोठे साहेब गोदामासाठी घेऊन गेले.'"

साहेब फोनवर कुणाला तरी झापत होते. एका हातानं त्यांनी पेन मागितलं.

"साहेब, वाचून सही करा."

"बावीस वर्षं तुमच्या वहीत सह्या करतोय," साहेब फोनवर हात ठेवून म्हणाले, "आता वाचायला लावताय?" आणि त्यांनी सही केली. लांबलचक, शेपटीवाली, तारखेसकट. ड्रायव्हरनं भेंडोळी उचलली. तिनं शाईवर टिपकागद दाबला.

गुरुवारची बैठक उजव्या इमारतीतच होती, दुसऱ्या मजल्यावर. लांब टेबल, कागदी पेल्यांत चहा, बत्तीस फायली आणि एक डिस्क. एका बाजूला साहेब, कंपनीचे वकील, स्टोअरकीपर आणि ती. दुसऱ्या बाजूला मॅडम आणि ट्रस्टचे एक वयस्क विश्वस्त, त्यांना ऐकू कमी येत असे. भिंतीपलीकडून कुठल्या तरी यंत्राचा ठराविक आवाज येत होता. तो थांबला तर काय, एवढाच विचार तिच्या डोक्यात होता.

वकिलांनी यादी तिच्यापुढे सरकवली. "बाई, इथं."

"मी सही करणार नाही."

"काय म्हणाल्या?" विश्वस्तांनी विचारलं.

"सही करणार नाही म्हणाले," तिनं मोठ्यानं सांगितलं. "नकाशे पूर्ण दिलेले नाहीत. जे दिलं नाही ते दिलं म्हणून मी बावीस वर्षांत लिहिलं नाही, आज लिहिणार नाही."

साहेब हसले. खोटं हसायला लागलं की त्यांचे कान लाल होत. "बाई जरा दमल्यात. इतक्या वर्षांचं काम संपतंय, होतं असं. स्टोअरकीपर, तुम्ही करा." स्टोअरकीपर भला माणूस, दोन मुलींचा बाप. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. पेन घेतलं आणि सही केली. तिला त्याचा राग आला नाही, कीव आली, आणि ती जास्त बोचली.

मॅडम मात्र यादीवर बोट ठेवून एकेक कलम वाचत होत्या आणि एकेक फाइल आपल्याकडे ओढत होत्या. चाळीस कलमं झाली. चहा थंड झाला. वकिलांनी घड्याळ पाहिलं.

"एक्केचाळीस," मॅडम म्हणाल्या, "कागदपत्रांची देवघेव नोंदवही, मूळ."

"ती जुनी वही?" साहेब आळसटून म्हणाले. "देऊन टाका हो, बाई. तुमच्याशिवाय कुणाला हवीय ती."

तिनं पिशवीतून वही काढली. आधी नवीन ओळ लिहिली आणि वाचून दाखवली: "'ही नोंदवही, मूळ, ट्रस्टच्या मॅडमना दिली. मोठ्या साहेबांच्या सांगण्यावरून.'" मॅडमनी सही केली. तिनं त्या पानाची झेरॉक्स आधी मागितली, कारण आता वहीच जाणार होती. शिपाई झेरॉक्स घेऊन येईपर्यंत सगळे ताटकळले. साहेबांनी तेवढ्यात एक विनोदही केला, तिच्यावरच.

मग मॅडमनी वहीचं शेवटचं पान उघडलं आणि मंगळवारची ओळ वाचली. विश्वस्तांना ऐकू जावं म्हणून खणखणीत वाचली. 'प्रत काढलेली नाही' इथं त्या थांबल्या, मग पुढचं वाचलं. वही फिरवून त्यांनी साहेबांपुढे धरली.

"ही सही तुमचीच ना?"

साहेबांनी सहीकडे पाहिलं. इतकी शेपटीवाली सही कुणाचीही आहे असं म्हणायची सोय नव्हती.

"ती वही आमची अंतर्गत आहे," वकील हात पुढे करत म्हणाले. "चुकून आली. परत द्या."

"चुकून कशी?" सहीबाई म्हणाली. "यादी तुमची, कलम तुमचं, 'देऊन टाका' साहेबांचं. आता परत हवी तर मॅडमची सही लागेल."

"बाई, तुम्ही कुणाच्या बाजूच्या?" साहेबांचा आवाज चढला.

"कागदाच्या. दोन्ही बाजूंच्या." मग तिला राहवलं नाही. "साहेब, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. खाली भोक पडलं असतं तर त्या माणसाच्या बायकोसमोर तुम्ही ही डिस्क धरणार होतात? मी नव्हते धरणार. मला नोकरीवरून काढा, पण ते नकाशे आणा."

यंत्राचा आवाज चालूच होता. विश्वस्तांनी कानामागे हात धरून सगळं ऐकलं होतं. ते मॅडमना म्हणाले, "नकाशे येईपर्यंत डाव्या बाजूला हातोडासुद्धा उचलायचा नाही. तसं लिहून यांच्या हातात द्या." मग सहीबाईकडे वळून, साहेबांकडे बोट करत म्हणाले, "आणि यांची सही घ्या."

नकाशे गोदामात गेलेच नव्हते. साहेबांच्या गाडीच्या डिकीत होते, रद्दीवाल्याकडे जायची वाट बघत. शनिवारी ते आले. रविवारी सकाळी वायरमन मामा आले, धुतलेला सदरा घालून. मॅडमनी तळमजल्याचा नकाशा पालथा करून खिडकीला धरला. मामांनी मोजपट्टी लावली आणि फरशीवर गुडघ्यांवर सरकत लाल खडूनं रेघ ओढायला सुरुवात केली. दगडापासून वळून, चौथ्या खांबाजवळून, तिरकी, पार दारापर्यंत. नव्या ठेकेदाराच्या माणसानं भोकांच्या जागा निळ्या रंगानं आधीच आखून ठेवल्या होत्या. अकरा निळे ठिपके. त्यांतले तीन मामांच्या लाल रेघेवर बसले.

तो ड्रिलवाला धिप्पाड गडी होता. बराच वेळ कमरेवर हात ठेवून त्या तीन ठिपक्यांकडे बघत राहिला. "खोल किती?" त्यानं विचारलं.

मामांनी नकाशा वाचला. "वीतभर."

त्यानं आपल्या ड्रिलचं बिट पाहिलं. ते हातभर होतं. मग तो बाहेर जाऊन पायरीवर बसला. सहीबाईनं त्याला पाणी नेऊन दिलं.

सोमवारी कंपनीचं पत्र आलं: सेवेची गरज उरली नाही. तिची अपेक्षाच होती. पण तिसरी ओळ वाचून तिच्या अंगाचा तिळपापड झाला. नोंदवही परत आणून द्यावी, त्यानंतर तिचं मूळ सर्टिफिकेट परत करण्याचा विचार केला जाईल. आणि ट्रस्टला आपले कागद सांभाळायला माणूस हवा होता. मॅडमनी तिला विचारलंही होतं, फक्त मूळ सर्टिफिकेट दाखवावं लागणार होतं.

"आता गं?" वन्संनी विचारलं.

"आता काय. ते म्हणणार आधी वही, मी म्हणणार आधी सर्टिफिकेट. हा खेळ मी पाच महिने बघितलाय." तिनं पत्र्याचा डबा काढला.

मुख्य कचेरीत व्हरांड्यातल्या बाकावर ती दोन दिवस बसली. साहेब मीटिंगमध्ये आहेत. साहेब बाहेर गेलेत. साहेब जेवतायत. तिनं डबा आणला होता, ती पण जेवली. तिसऱ्या दिवशी साहेब खोलीतून बाहेर पडताना ती दारातच उभी राहिली.

"वही आणलीत?"

"वही आणलीय. ती नव्हे, पहिली. पहिलं पान." तिनं कार्बनचा कागद पुढे धरला. निळसर, कडांना पिवळा पडलेला. 'शालान्त परीक्षेचे मूळ सर्टिफिकेट, एक. मागे दुसरी प्रत असा शिक्का. मागताच परत करण्याच्या बोलीवर घेतले.' खाली सही होती. अजून शेपटी फुटलेली नव्हती, पण सही तीच होती.

साहेबांनी ती बघितली. बघता बघता चेहऱ्यावर काहीतरी बदललं. बावीस वर्षांपूर्वी हसत सही करणारा तो तरुण त्यांना बहुतेक आठवला असावा. का कचेरीतले चार लोक बघत होते म्हणून, कोण जाणे.

"मागताच," ती म्हणाली. "मी मागतेय."

साहेबांनी आत जाऊन कुणाला तरी सांगितलं. अर्ध्या तासानं एक कारकून पातळ पाकीट घेऊन आला आणि आपलं रजिस्टर तिच्यापुढे केलं. "इथं सही करा बाई, मिळालं म्हणून."

"थांबा."

तिनं सर्टिफिकेट बाहेर काढलं. पुढची बाजू वाचली, शेवटच्या ओळीपर्यंत. मग उलटलं. जांभळा शिक्का फिका पडला होता, पण होता. वडिलांच्या अकरा खेपा तिथं होत्या. तिनं त्यावर अंगठा फिरवला, डोळे पुसले नाहीत, पेन उघडलं आणि कारकुनाच्या रजिस्टरात लिहिलं:

'मिळाले. दोन्ही बाजू पाहून घेतले.'